अधिक

वीज आली की आधी फ्रिज कण्हतो,
मग जिन्यात कुणीतरी ओरडतं, "आली!"
आणि सातही मजले पळत सुटतात.

मीही पळते.
मशीनमध्ये आधीच कोंबून ठेवलेले कपडे,
किटली, थर्मास, पुन्हा किटली,
एका शेगडीवर बीटचं सूप, दुसरीवर अंडी,
एका पट्टीला लोंबकळणारे चार चार्जर
आणि मांडीवर लॅपटॉप.
सहावीच्या भूगोलाची मुद्रितं तपासायची आहेत,
पान एकशे बारा, नद्या आणि त्यांच्या उपनद्या,
शुक्रवारपर्यंत,
असं ल्वीवहून बोह्दाना लिहिते
आणि खाली एक हसरा चेहरा टाकते.

फ्रिजच्या दारावर यादी आहे, माझ्याच अक्षरात.
वीज आल्यावर करायची कामं, एक ते चौदा.
चौदावं : पोलिश शब्द, रोज वीस.
मार्चमध्ये लिहिलं होतं ते.
तेव्हा वाटायचं, एवढं सगळं होतंय
तर निदान वेळ तरी सत्कारणी लागावा.

खालची हाफिया जिन्यात गाठते,
"काल किती झाली?"
"अकरा."
"माझी नऊच," म्हणते, आणि मान खाली घालते,
सत्तरीची बाई,
गृहपाठ राहिल्यासारखी.

परवा आली नाही. कालही नाही.
दोन्ही रात्री मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवर काढल्या,
अंगाला तिथला वास चिकटलाय
ओल्या कोटांचा, आणि कुणाच्या तरी मांजराचा.

आज चार वाजून दहा मिनिटांनी आली.
फ्रिज कण्हला. जिन्यात ओरडलं कुणीतरी.
मी उठले, यादीसमोर उभी राहिले,
आणि पाय न्हाणीघराकडे वळले.

पाणी तापायला चाळीस मिनिटं लागतात.
दोन तासांतली चाळीस.
टबाच्या काठावर बसून राहिले.
काही केलं नाही.
हे सांगतानाही चोरी केल्यासारखं वाटतं.
नखं पाहिली. अंगठ्याच्या नखात लाल शाई.
फरशीला एक भेग आहे, सप्टेंबरच्या स्फोटातली.
नकाशातल्या नदीसारखी दिसते असं म्हणणार नाही,
आज नद्या नकोत.
भेग आहे, भेगेसारखी.

मग केस धुतले.
मानेवर गरम पाणी पडलं
तेव्हा एक कण्हणं ऐकू आलं,
फ्रिजचं म्हणावं तर तो दोन दारं पलीकडे.
दोनदा शाम्पू लावला. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

बाहेर कपडे कोरडे, अंडी कच्ची,
उपनद्या जिथल्या तिथे.

सहा दहाला गेली.
डोक्याला टॉवेल गुंडाळून अंधारात बसले,
कानांच्या पाळ्या अजून गरम होत्या.

ओलेस आघाडीवरून शब्द पाठवत नाही,
नुसतं अधिकचं चिन्ह पाठवतो.
त्याचा अर्थ : आहे.
उत्तरात मी रोज त्याला हिशेब लिहायचे,
काय धुतलं, काय शिजवलं, किती पानं झाली,
म्हणजे त्याला वाटावं मागे घर नीट चाललंय.
आज मीही नुसतं अधिक पाठवलं.

लगेच संदेश आला. चक्क शब्द.
"बरं नाहीये का?"
"बरी आहे. केस धुतले."
"गरम पाण्याने?"
"गरम."

मग बराच वेळ काही नाही.
मी फोन गुडघ्यावर ठेवून बघत राहिले,
केसांतलं पाणी पाठीवरून ओघळत होतं, पुसलं नाही.

"कसं वाटलं," त्याने विचारलं,
"सगळं सांग. सावकाश."

फोन एकोणीस टक्के होता.
मी सांगायला लागले.